खालच्या मजल्याची परवानगी

१

इंदूरच्या रामबागेत अंबिकाबाई दिघे यांच्याकडे खालचा मजला भाड्याने मागायला कुणी आलं, की बाई आधी पाणी देत आणि मग तीन प्रश्न विचारत. माणसं किती, नोकरी कुठे, आणि जनावर आहे का. पहिल्या दोन उत्तरांवर त्या विचार करत. तिसऱ्यावर करत नसत. 'आहे' म्हटलं की त्या उठत आणि पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून येत.

याला कारणं होती. एका कंपाउंडरने न्हाणीत ससे पाळले होते, त्यांचा वास दोन पावसाळे गेला नाही. मिलमधल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, शेळी जिना चढून वर आली आणि सहामाहीचे अकरा पेपर खाऊन गेली. त्या अकरा मुलींना मार्क काय द्यायचे यावर शाळेत दोन दिवस खल चालला. मुलींच्या शाळेत बावीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईंनी त्यानंतर ठरवलं ते ठरवलं. लोकांनी नाकं मुरडली, दोनदा मजला तीन-तीन महिने रिकामा पडला, पण बाई हलल्या नाहीत.

घर त्यांच्या यजमानांनी होळकर सरकारच्या नोकरीत असताना बांधलेलं. ते गेल्यावर वाटणी झाली. वरचा मजला बाईंच्या नावावर, खालचा मजला धाकटे दीर नानासाहेब यांच्या. नानासाहेब नंदलालपुऱ्यात राहत. भाडेकरू बघण्याची कटकट त्यांनी वहिनींवरच सोपवली होती.

ही गोष्ट १९५२ सालची. मध्यभारत सरकारचा हिवाळा ग्वाल्हेरला आणि उन्हाळा इंदूरला जाई. त्यामुळे एप्रिल लागला की ग्वाल्हेरहून कारकुनांचे तांडे फायलींच्या पेट्यांबरोबर उतरत आणि सहा महिन्यांपुरती घरं शोधत गल्लोगल्ली फिरत. दिनानाथ पोतनीस त्यांतलेच. पस्तिशीचे, इस्त्रीचा पण मानेशी विरलेला कोट, हातात टोपी.

"माणसं तीन," ते म्हणाले. "मी, पत्नी आणि मुलगी. महसूल खात्यात आहे." मग थांबून, पाठ केलेलं म्हणावं तसं ते म्हणाले, "एक जनावर आहे. लहानच आहे. त्रास नाही त्याचा. ठेवलं तर चालेल?"

"कसलं जनावर? कुत्रं की मांजर?"

पोतनीस हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. "लहानच आहे."

"नाही चालणार."

नकार ऐकून माणसं काय करतात ते बाईंना ठाऊक होतं. कुणी रुसतं, कुणी गयावया करतं. पोतनिसांनी डोळे मिटले, आणि डॉक्टरने ताप उतरला म्हटल्यावर घरचे लोक सोडतात तसा श्वास सोडला.

"मग ते बाहेरच राहील," ते म्हणाले. "आम्हाला द्याल का जागा?"

"फाटकाच्या आत येणार नाही ना?"

"तुम्ही हो म्हणेपर्यंत नाही."

वाक्य शुद्ध होतं. तरी त्यात काहीतरी बसत नव्हतं, आणि काय ते बाईंना त्या वेळी सापडलं नाही. माणूस सज्जन दिसत होता. त्यांनी किल्ली दिली.

२

सामान एका टांग्यात मावलं. दोन ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा. जनावर काही त्यात दिसलं नाही. पोतनिसांची बायको सुमेधा शांत, कामाची, तीस-बत्तीस वर्षांची. मुलगी चारुलता सात वर्षांची. तिला चारू म्हणत. असे भाडेकरू बाईंना आजवर मिळाले नव्हते. अंगण रोज झाडलेलं, नळावर भांडण नाही, मोठ्याने बोलणं नाही.

एकच गोष्ट होती. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की सुमेधा एक पितळी घेऊन फाटकाबाहेर जाई. तिच्यात दूध-पोळी कुस्करलेली असे. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या पलीकडे ती पितळी ठेवून ती मागे न बघता परत येई. बाई वरच्या खिडकीतून बघत. रामबागेतली भटकी कुत्री काही कमी नव्हती, पण एकही त्या पितळीच्या वाटेला जात नसे. फाटकासमोर आलं की कुत्रं रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीला घासून जाई आणि पुढे गेल्यावर पुन्हा अलीकडे येई. तासाभराने पितळी रिकामी असे. चाटलेली नव्हे. कोरडी, पुसल्यासारखी.

कुणीतरी भिकारी असेल, असं बाईंनी ठरवलं. भिकारी पितळी पुसून का ठेवेल, या प्रश्नाकडे त्यांनी दोन दिवस लक्ष दिलं नाही.

मग दूधवाल्याने तक्रार केली. तो गाय घेऊन दारोदार फिरे आणि समोर दूध काढून देई. आता तो तीन घरं अलीकडेच थांबायला लागला. "बाईजी, आपका बरतन यहीं भिजवा दिया करो," तो म्हणाला. "गाय आगे नहीं जाती. आपके फाटक पे कोई बैठा रहता है क्या?"

"कोई नहीं बैठता," बाई म्हणाल्या.

"अच्छा," तो म्हणाला, आणि गाय वळवून निघून गेला.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाने पोतनीस घरी येत, कोट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहत आणि हाक मारत. बाई वरच्या कठड्याशी आल्या की ते म्हणत, "एक जनावर आहे. लहानच आहे. त्रास नाही त्याचा. ठेवलं तर चालेल?"

पहिल्या शनिवारी बाईंना हसू आलं. दुसऱ्या शनिवारी राग आला. तिसऱ्या शनिवारी त्यांनी नीट बघितलं. विचारताना पोतनिसांची बोटं टोपीच्या काठावर घट्ट आवळलेली होती, आणि 'नाही' ऐकल्यावर ती सैल पडली.

"नको असेल तर विचारता कशाला?" बाईंनी विचारलं.

"विचारावं लागतं," पोतनीस म्हणाले आणि आत गेले.

३

मे महिन्यात शाळेला सुट्टी. दुपारी लूचा गरम वारा सुटे. खिडक्यांना ओले पडदे लावून बाई पुस्तक घेऊन पडत. अशाच एका दुपारी त्यांना आवाज आला. भिंतीवरून पोतं ओढत न्यावं तसा, सावकाश, न थांबता. आवाज घराच्या पुढून सुरू झाला, उजव्या बाजूच्या बोळातून मागे गेला, मागच्या कुंपणभिंतीने फिरून डावीकडून पुढे आला आणि फाटकाशी थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, उलट दिशेने.

बाईंनी पडदा सारला. रस्ता उन्हाने पांढरा झालेला. कुणी नाही.

उन्हं उतरल्यावर त्या खाली गेल्या आणि कुंपणाला बाहेरून फेरी मारली. दिवाळीत भिंतीला चुना दिला होता. आता कमरेच्या उंचीवर हातभर रुंदीचा पट्टा घासला जाऊन खालची वीट दिसत होती. पट्टा सगळ्या भिंतीभर सलग होता आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना नीट, सरळ रेघेत संपलेला होता. जणू तिथून पुढे जायचं नाही हे कुणालातरी माहीत होतं.

म्हैस अंग घासत असेल, बाईंनी स्वतःला सांगितलं. मग त्या उजवीकडच्या बोळात शिरल्या. तो बोळ इतका अरुंद की त्यांनाच खांदा तिरका करावा लागला. म्हैस तर सोडाच, शेळीही तिथे वळली नसती. आणि तिथला पट्टा सगळ्यात खोल होता. विटेचा लाल चुरा खाली ओळीने पडला होता. बाईंनी तो चिमटीत घेतला. चुऱ्यात केस नव्हते. जनावर घासतं तिथे केस राहतात, हे त्यांना सशांच्या वेळेपासून माहीत होतं.

त्यांनी हात झटकला. भीती वाटली नाही असं नाही. पण त्यांचा स्वभाव असा की भीती वाटली की त्यांना पहिल्यांदा आठवे तो नियम. नियम स्पष्ट होता आणि त्यांनी तो मोडला नव्हता. फाटकाच्या आत चुना शाबूत होता.

४

दुसऱ्या दिवशी पोतनीस कचेरीत गेल्यावर त्या खाली गेल्या. सुमेधा तांदूळ निवडत होती. चारू दारात पाटीवर चित्रं काढत बसली होती.

"सुमेधा, मला सरळ सांग," बाई म्हणाल्या. "बाहेर काय आहे?"

सुमेधेचा हात सुपात थांबला. "मी बघितलेलं नाही, बाई. पितळी ठेवते आणि वळते. यांनीही बघितलेलं नाही."

"मग आणलंत कुठून?"

"आणलं नाही. मागे आलं." ती पुन्हा खडे वेचायला लागली. "प्रत्येक ठिकाणी हे मालकाला विचारतात. विचारलं नाही तर तेच विचारतं, आणि ते ऐकवत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी मालक हो म्हणाले. भली माणसं सगळी. मुकं जनावर, राहू दे, म्हणाले. तुम्ही पहिल्याच."

"हो म्हटल्यावर काय होतं?"

 सुपातले तांदूळ सुमेधेने एकदा इकडे केले, एकदा तिकडे केले. "पहिल्या उन्हाळ्यात इंदूरला आलो," ती अखेर म्हणाली, "तेव्हा आम्ही चौघं होतो."

बाहेरून फेरीवाल्याची हाक आली आणि गेली.

"बाई, तुम्ही नाहीच म्हणत राहा," सुमेधा म्हणाली. "ऑक्टोबरपर्यंत. मी कितीही गयावया केली तरी.  मला शब्द द्या."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला 'नाही' म्हणायला शिकवावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "दिला शब्द."

निघताना त्या दारात थांबल्या. चारूच्या पाटीवर फाटक काढलेलं होतं, आणि फाटकाबाहेर एक आडवी लांब रेघ, तिला एका टोकाला गोल डोकं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"तो," चारू म्हणाली. "मी हात केला की तो पण हात करतो."

"नाव काय त्याचं?"

"बंडू." तिने ओल्या फडक्याने पाटीचा एक कोपरा पुसला. "आधी ते माझ्या दादाचं नाव होतं."

५

जूनच्या पहिल्या शनिवारी शाळेत वर्गवाटणीची बैठक होती. बाई सकाळी निघाल्या त्या दुपारी चारला परतल्या. शनिवारचा प्रश्न संध्याकाळी विचारा, मी आल्यावर, असं त्यांनी पोतनिसांना बजावून ठेवलं होतं.

गल्लीच्या वळणावरूनच त्यांना दिसलं. सुमेधा रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी होती, पायात चप्पल नाही, कडेवर सात वर्षांची पोर. ओट्यावर नानासाहेब खुर्ची टाकून वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

"या वहिनी," ते म्हणाले. "बघा ना, ही बाई माझ्यावर बिघडलीच एकदम. मी तर तिचंच काम केलं."

"काय केलंत, भावजी?"

"अहो, सहज आलो होतो. पोतनीस जिन्यापाशी तुमची वाट बघत उभे होते. म्हटलं, वहिनी नाहीत, काय ते मला सांगा. ते सांगेनात. मग बोलून गेले, जनावराचं. म्हटलं, अहो भिया, खालचा मजला माझा आहे, त्यात काय विचारता. मुकं जनावर धूपेत, अशा उन्हात बसवायचं म्हणजे काय? आणा आत." नानासाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आता त्यांच्या कपाळावर घाम होता. "मीच फाटक उघडलं. ये रे, म्हटलं. काही आलं नाही. मतलब, मला दिसलं नाही काही. फक्त फाटक... आपलं फाटक स्प्रिंगचं, सोडलं की लगेच मिटतं. ते मिटलंच नाही बराच वेळ. काहीतरी लांबच लांब आत जात असावं, तसं."

बाईंनी फाटकाकडे बघितलं. ते आता मिटलेलं होतं. आतल्या बाजूने, फाटकापासून घराच्या दारापर्यंत, चुना घासलेला होता.

"पोतनीस कुठे आहेत?"

"आत. दार लावून घेतलंय."

"भावजी, शब्द मागे घ्या."

नानासाहेब हसायला गेले, पण बाईंचा चेहरा बघून थांबले. ते उठले, दाराकडे तोंड करून म्हणाले, "परवानगी नाही. बाहेर ये." घसा खाकरून पुन्हा तेच म्हणाले. आतून काही हललं नाही. दिलेला शब्द आत गेला होता आणि तो एकटा गेला नव्हता.

बाई रस्ता ओलांडून सुमेधेजवळ गेल्या. "माझ्याबरोबर चल. वर."

"त्याच्यावरून जायचं?" सुमेधेचे दात वाजत होते, एवढ्या उन्हात. "आपण कुठेतरी निघून जाऊ ना. राजवाड्याकडे. माणसांत."

"रस्ता कुणाच्या नावावर आहे?" बाई म्हणाल्या. "रस्त्यावर त्याला नाही म्हणणारं कोण आहे? माझा मजला माझ्या नावावर आहे. तिथे मी आहे."

सुमेधेने त्यांच्याकडे बघितलं आणि चारूचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. नानासाहेबांनी मध्ये काहीतरी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

६

दारातून आत गेलं की एक अरुंद मार्ग होता. डाव्या हाताला पोतनिसांच्या खोलीचं दार, समोर जिना. उन्हातून आल्यावर आत अंधार वाटला. बाई पुढे, त्यांचा पदर धरून सुमेधा मागे.

बंद दाराआड पोतनीस बोलत होते. शब्द कळत नव्हते. आवाज मऊ होता. मध्येच ते हसले, मुलाला भात भरवताना बाप हसतो तसे. सुमेधेचे पाय तिथेच थांबले. बाईंनी तिचं मनगट पकडलं आणि तिला ओढतच जिन्यावर घेतलं. चौदा पायऱ्या. वर पोचल्यावर बाईंनी मायलेकींना आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः जिन्याच्या तोंडाशी, कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

खालच्या दाराची कडी निघाली.

पायांचा आवाज नव्हता. भिंतीवरून पोतं ओढल्याचा तो आवाज, आता घराच्या आत. तो मार्गातून आला आणि जिन्याशी थांबला. बाईंना वरच्या तीनच पायऱ्या दिसत होत्या. चौथीपासून वळण होतं.

"एक जनावर आहे," खालून आवाज आला. पोतनिसांचा आवाज, त्यांचाच अदबशीर कारकुनी सूर. पण तो माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून येत नव्हता. खूप खालून येत होता. "लहानच आहे. त्रास नाही त्याचा. ठेवलं तर चालेल?"

"नाही," बाई म्हणाल्या.

 मग जिना करकरला. ओझं एका जागी पडावं तसा नव्हे. तीन-चार पायऱ्या एकदम करकरल्या.

"आई," खालून हाक आली. आता आवाज मुलाचा होता. नऊ-दहा वर्षांच्या, नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलाचा. "आई, मी वर येऊ? खाली कुणी नाहीये."

आतल्या खोलीतून सुमेधा बाहेर आली. बाईंनी हात आडवा केला. सुमेधा त्या हातावर सगळा भार टाकून खाली वाकली.

"बाई, हो म्हणा."

"नाही."

"बाई, तो माझा आहे. मी आवाज ओळखते. तो दोन महिने बाहेर बसलाय, मी त्याला रस्त्यावर जेवायला वाढलंय. मी बघितलं सुद्धा नाही त्याच्याकडे. हो म्हणा. एकदा."

"तुला शब्द दिलाय मी."

"मी परत घेते तो."

"तो माझा आहे आता. परत देत नाही," बाई म्हणाल्या.

सुमेधेने त्यांच्या दंडाला नखं रुतवली. ते व्रण पुढे कित्येक आठवडे राहिले. बाईंनी हात हलवला नाही. त्यांच्या मनात त्या क्षणी एकच विचार आला, आणि तो भीतीपेक्षा वाईट होता. हा खरंच तिचा मुलगा असेल तर? दोन वर्षं दारोदार फिरून, आता या उन्हात परवानगी मिळेल म्हणून आशेने बसणारं पोर असेल, आणि मी नुसत्या हट्टाने त्याला दारात उभं ठेवत असेन तर?

बाई वळणापर्यंत चार पायऱ्या उतरल्या. बघितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सुमेधा त्यांच्या पाठीमागे होती. तिला वळणापलीकडचं दिसत नव्हतं.

ते पायरीवर बसलं होतं. थांब म्हटलेलं मूल बसतं तसं, गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर. चेहरा वर केलेला. त्या चेहऱ्यावर दाराच्या फटीतला उजेड पडला होता आणि बाईंना तो नीट दिसला. चेहऱ्याच्या मागे जे होतं ते पायऱ्यांवरून खाली, मार्गातून, पोतनिसांच्या खोलीच्या दारात गेलेलं होतं, आणि ते अजून संपलेलं नव्हतं. चेहरा हसला. हसताना त्याच्या मागचं सगळं एकदम हललं.

"नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "या मजल्यावर नाही. आज नाही, उद्या नाही, मी असेपर्यंत नाही. मी मेल्यावर विचार."

 मग खालच्या खोलीतून पोतनीस बाहेर आले. ते कुठे पाय ठेवत होते ते बाईंनी बघितलं नाही. त्यांनी कोट घातलेला होता, टोपी हातात होती. चेहरा रडलेला आणि शांत.

"बाई, आम्ही निघतो," ते म्हणाले. 'मी' म्हणाले नाहीत. "ह्या दोघींना वरच राहू द्या." मग खाली वाकून, अगदी हळू, "चल. चल रे बाळा. आपण दुसरीकडे विचारू."

ओट्यावरच्या नानासाहेबांनी नंतर सांगितलं की पोतनीस एकटेच गेले. एक हात थोडा बाजूला धरून, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा. आणि फाटक मिटायला खूप वेळ लागला.

७

नानासाहेबांनी खालचा मजला पुन्हा भाड्याने दिला नाही. कुलूप लावलं आणि किल्ली वहिनींकडे पाठवून दिली. सुमेधा आणि चारू वरच राहिल्या. बाईंनी खटपट करून सुमेधेला शाळेच्या शिवणवर्गावर घेतलं. चारू तिथेच शिकायला लागली.

सुमेधा घरात राबे, स्वैपाक करी, बाई आजारी पडल्या तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. पण कामापुरतं सोडून ती त्यांच्याशी बोलली नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, चार वर्षं. बाईंनी कधी विषय काढला नाही. आपण बरोबर केलं याची खात्री होती म्हणून नव्हे. दिलेला शब्द पाळल्याबद्दल कुणाची माफी मागायची नसते, एवढंच त्यांना कळत होतं.

पोतनिसांनी ग्वाल्हेरच्या कचेरीत कायमची बदली करून घेतली आणि तिथून त्यांची पत्रं येत. चारूची चौकशी, तब्येत, हवापाणी. १९५६ च्या पावसाळ्यात एक आलं. मध्यभारत जाणार, भोपाळला राजधानी होणार, तिकडे बदली होईल, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'इथे नवीन जागा मिळाली. मालक फार मायाळू आहेत.' त्यानंतर पत्र आलं नाही. बाईंनी दोनदा कचेरीला लिहिलं. पोतनीस कामावर हजर नाहीत, एवढंच उत्तर आलं.

त्या दिवाळीनंतरच्या एका दुपारी सुमेधा बाईंच्या खोलीत आली. तिने ट्रंकेच्या तळातून काढलेली एक कापडी पुरचुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. आत फोटो होता. ग्वाल्हेरच्या कुठल्यातरी स्टुडिओत काढलेला, कडा पिवळ्या पडलेल्या.

"त्या दिवशी तुम्ही वळणापर्यंत गेलात," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत. मी नाही बघितलं. हे सांगून टाका मला. हा होता का?"

बाई फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. दहा वर्षांचा मुलगा, नवा सदरा, तेल लावून बसवलेले केस. त्या बराच वेळ बघत राहिल्या. खाली रस्त्यावरून एक टांगा गेला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा नव्हता."

"नक्की?"

"जन्मभर मुलींचे चेहरे लक्षात ठेवलेत मी. नक्की. हा वेगळा."

सुमेधेने फोटो घेतला, छातीशी धरला आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मग ती रडली, सहा वर्षांपूर्वी रडायला हवी होती तशी, मेलेल्या मुलासाठी. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "चहा टाकू का तुम्हाला?"

"टाक," बाई म्हणाल्या. "मी येतेच."

ती स्वैपाकघरात गेली. स्टोला हवा भरल्याचा आवाज आला. चहा झाला, तिने दोनदा हाक मारली. अंबिकाबाई खिडकीतल्या खुर्चीत बसून होत्या, आणि जिन्याच्या वळणावर बघितलेला तोच, फोटोतला चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दिवेलागणीपर्यंत त्या उठल्या नाहीत.